पायांची विद्या

शिवोलीच्या धक्क्यावरून शापोरा नदीचे पात्र ओलांडले की पलीकडे चोपडें, म्हणजे आमचा पेडणे महाल. पूल होण्यापूर्वी हे अंतर फेरीबोटीने काही मिनिटांत कापले जाई. गोव्यात फुटबॉल पहिल्यांदा याच शिवोलीत आला असे सांगतात. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक पाद्री प्रकृतीला आराम पडावा म्हणून तेथे येऊन राहिले आणि त्यांनी तिथल्या मुलांना या खेळाची गोडी लावली. तेथून तो बार्देशभर पसरला, मांडवी व जुवारी ओलांडून सासष्टीत रुजला, भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतांत वाढला. मात्र समोरच्या तीरावरच्या आमच्यासारख्या घरांच्या अंगणात पाऊल टाकायला त्याला जवळजवळ एक शतक लागले. नदी काही इतकी रुंद नव्हती.

योगायोग असा की त्याच १८८३ साली अंजनीबाई मालपेकरांचा जन्म झाला. पेडण्याजवळच्या मालपें गावाचे नाव त्यांनी जन्मभर लावले. विद्या मात्र त्यांना मुंबईत, भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांपाशी मिळाली. पुढे कुमार गंधर्वांसारखा गायक त्यांच्यापाशी शिकला आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. आमच्या भागातील गुणी माणसाला गुरूच्या शोधात घर सोडावे लागते, ही रीत जुनी आहे. ज्या घरांनी एकेकाळी अशा कलावंतांविषयी नाक मुरडले, त्याच घरांतून आज ‘त्या आमच्या गावच्या’ असे अभिमानाने सांगितले जाते. आदर असा उशिरा येतो, आणि बहुधा ज्याच्यासाठी यायचा तो निघून गेल्यावर येतो. हे आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या हातून असेच काही घडले आहे, आणि ते सांगावे म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीचे महाल. अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत ते पोर्तुगीज अमलाखाली गेले, तरी आमच्या घरांचे तोंड सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडेच राहिले. पुस्तके तिकडून येत, सोयरिकी तिकडे होत, आणि मुलगा हुशार निघाला तर शिकायला तिकडेच धाडला जाई. दसऱ्यानंतर दशावतारी कंपन्या तेरेखोल ओलांडून येत आणि देवळाच्या प्रांगणात रात्र जागवीत. खेळ म्हणाल तर हुतुतू, लंगडी, पुढे शाळेत आलेला व्हॉलीबॉल. फुटबॉल हा पलीकडच्या तीरावरचा खेळ, त्यात आपले काय, अशी एक न बोललेली समजूत घरोघरी होती. खरे पाहता गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर जन्माने पेडण्याचे, धंद्याने खाणमालक आणि मनाने खेळांचे आश्रयदाते. गावोगाव मराठी शाळा उघडणाऱ्या भाऊसाहेबांचे नाव १९७० साली सुरू झालेल्या फुटबॉलच्या सुवर्णचषकालाही होते. आम्ही त्यांच्या शाळांत शिकवले, त्यांच्या तसबिरीला हार घातले. त्यांच्या चषकाकडे मात्र पाहिले नाही.

ब्रह्मानंद शंखवाळकर गोलखांबांपुढे उभे राहू लागले तेव्हा ही समजूत थोडी हलली. ताळगावचा हा मुलगा साळगावकर संघाचा आणि पुढे भारताचा गोलरक्षक झाला, १९८३ ते १९८६ या काळात देशाचा कर्णधार झाला. १९८३ साली गोव्याने बंगालसह संतोष चषकाचे संयुक्त विजेतेपद मिळवले आणि १९८४ साली तो एकट्याने जिंकला, तेव्हा पेडण्याच्या बाजारातही रेडिओभोवती माणसे जमली होती. शंखवाळकरांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. आपल्यासारख्या आडनावाचा माणूसही या खेळात मोठा होतो एवढे आम्हाला दिसले. तो मोठा कसा झाला, त्याला कुणी शिकवले, शिकताना त्याचे पोट कुणी भरले, हे प्रश्न मात्र आम्हाला पडले नाहीत.

ते प्रश्न पडावेत असा प्रसंग २००१ साली आमच्याच घरी आला. आमचे थोरले बंधू नोकरीच्या निमित्ताने साखळीस स्थायिक झाले होते. डिचोली तालुक्याचा तो भाग म्हणजे लोहखनिजाचा मुलूख. रस्त्यावर टिपरांची रांग, झाडांच्या पानांवर तांबडी धूळ, आणि मांडवीच्या धक्क्यांवर माल भरून घेणाऱ्या बार्जी. बंधूंचा धाकटा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. शाळेच्या संघात तो मधल्या फळीत खेळे. एका निवासी प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीत तो उतरला आणि त्याला बोलावण्याचे पत्र आले. राहणे, जेवण, शाळा आणि दिवसातून दोन वेळा सराव, अशी तिथली व्यवस्था होती. बंधूंनी ते पत्र आम्हाला पाठवले आणि विचारले, “तू मास्तर आहेस. काय करू?”

आम्ही चार पानी उत्तर लिहिले. दहावीचे महत्त्व, वयाचा हा नाजूक काळ, संगत, दुखापत, असे सारे मुद्दे त्यात क्रमाने होते. आणि शेवटी एक वाक्य होते, जे लिहिताना आम्हाला आपल्या भाषेचा थोडा अभिमानही वाटला होता: “पायांनी पोट भरता येते असे आपल्या घराण्यात कुणी ऐकलेले नाही.” बंधू आमचा शब्द मोडीत नसत. मुलगा गेला नाही.

आमच्या उत्तरात विचार होता, माहिती नव्हती. त्या काळी आमच्या अवतीभवती काय घडत होते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. जमशेदपूरला १९८७ साली टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली होती आणि महेश गवळी नावाचा गोव्याचा मुलगा तिथे शिकून भारतीय संघाच्या बचावफळीचा आधार झाला होता. खुद्द साखळीत, बंधूंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सेझा गोवा कंपनीने १९९९ साली आपली फुटबॉल अकादमी काढली होती. उपसून संपलेल्या खाणीची जमीन सारखी करून, तिच्यावर झाडे लावून, तिथेच तांत्रिक शाळा आणि फुटबॉलची शाळा उभी राहिली. अकादमीचे मैदान पुढे बार्देशातील शिरसईला गेले. ज्या मातीतून धातू निघाला त्याच मातीवर मुले घडवावीत, ही कल्पना आज आम्हाला मोठी वाटते. धेंपो, साळगावकर या नामांकित संघांमागेही खाणउद्योगाचाच पैसा होता. धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या संघाच्या मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा खेळत, बचावात समीर नाईक आणि महेश गवळी असत, आणि प्रशिक्षक आर्मांदो कुलासो होते. पायांनी पोट भरणारी माणसे आमच्यापासून एका तासाच्या प्रवासावर होती.

या विद्येची शाळा म्हणजे नक्की काय, हे आम्हाला कळले ते मात्र फार दूर जाऊन, तेही चुकीच्या फुटबॉलमधून. आमची कन्या अमेरिकेत मिशिगन राज्यात असते. २०१६ च्या शरदात आम्ही तिच्याकडे होतो. एका शनिवारी जावई आम्हाला अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठाचा सामना पाहायला घेऊन गेले. मैदानाची क्षमता एक लाख सात हजारांच्या वर, आणि ते भरलेले. आपल्या साऱ्या पेडणे महालाची लोकसंख्या याहून कमी! तिथला फुटबॉल पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळतात. अंडाकृती चेंडू पुढे नेत राहायचा. चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारायची, नाही तर चेंडू प्रतिपक्षाचा.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणून एक गडी असतो. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो आणि जेमतेम तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते की तो कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा की आपणच घेऊन धावायचे. समोरून धिप्पाड माणसे त्याला पाडण्यासाठी धावत येत असतात. त्याला जाडजूड पोथीभर चाली पाठ असाव्या लागतात, आणि ऐन वेळी त्या बाजूला ठेवण्याचे धैर्यही असावे लागते. आम्हाला आमचा दशावतार आठवला. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असते, समोरचा काय बोलेल ते ठाऊक नसते, आणि शब्द मात्र त्याच क्षणी सुचावा लागतो. आपल्या फुटबॉलमध्ये याला तंतोतंत जोड नाही. मधल्या फळीत उभा राहून साऱ्या संघाचा खेळ हाकणारा सूत्रधार त्यातल्या त्यात जवळचा. आमचा पुतण्या तोच होता.

असे गडी घडवण्याचे काम तिथे विद्यापीठे करतात. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाला तर क्वार्टरबॅकांचा पाळणाच म्हणतात. लेन डॉसन, बॉब ग्रीसी आणि ड्रू ब्रीस हे तिथले तिघेही पुढे व्यावसायिक संघाला अजिंक्यपद मिळवून देणारे ठरले. आम्ही ज्या मैदानात बसलो होतो तिथेच टॉम ब्रेडी शिकला. २००० साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा १९८ जणांनंतर त्याचे नाव पुकारले गेले. पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळवली. पारखी माणसांची पारखही इतकी चुकते, हे ऐकून आमच्यासारख्या चार पानी पारख्याला थोडे समाधानच झाले.

जावयांनी मग हिशेब मांडला. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक विद्यापीठे, प्रत्येकाचा एक मुख्य क्वार्टरबॅक, शिवाय मागे रांगेत उभे असलेले दोन-तीन. व्यावसायिक संघ बत्तीस, म्हणजे मुख्य जागा बत्तीसच, आणि त्यांवर आधीच कुणी तरी बसलेले. विद्यापीठांत फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांतले दोनही व्यावसायिक होत नाहीत. आम्ही विचारले, “मग उरलेल्यांचे काय होते?” ते म्हणाले, “बाबा, त्यांच्याकडे पदवी असते. कुणी शिक्षक होतो, कुणी विमा विकतो, पुष्कळ जण शाळांत प्रशिक्षक होतात.”

हे सारे गोड मानून घेऊ नये. विद्यापीठे या मुलांच्या खेळावर अमाप पैसा मिळवीत आणि मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची बंदी असे. आपल्या नावावर कमावण्याची मुभा त्यांना २०२१ साली मिळाली आणि विद्यापीठांकडून थेट मोबदला घेण्याची २०२५ साली. अनेकांची पदवी नावापुरतीच असते अशी तक्रार तिथेही आहे. पण एक गोष्ट त्या रचनेने निदान कागदावर मान्य केली आहे. खेळाच्या शाळेत येणारी बहुतेक मुले खेळाडू होणार नाहीत, आणि तरीही त्यांना तिथून काही घेऊन जाता आले पाहिजे. शिखरावर पोचलेल्या एकाच्या नावाने पाळणा ओळखला जातो, पण त्याची खरी परीक्षा परतलेल्या नव्व्याण्णवांच्या घरी होते. आमच्या चार पानी उत्तरातला दोष आम्हाला त्या गर्दीत बसून उमगला. दुखापत होईल, परतावे लागेल, ही भीती खोटी नव्हती. पण परतणाऱ्यासाठी दार कोणते, हे शोधण्याऐवजी आम्ही जाणाऱ्याचे दारच लावले.

आणि ज्या सुरक्षिततेसाठी ते लावले ती तरी कुठे टिकली? पुतण्या बारावीनंतर खाणीच्या कामाला लागला. चीनकडून मागणी वाढली होती, डिचोलीत जो तो कर्ज काढून टिपर घेत होता. २००९ साली त्यानेही घेतला. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मध्यंतरी काम सुरू झाले, ते २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. टिपर अंगणात उभा राहिला आणि पावसाळ्यागणिक गंजत गेला. फुटबॉलचेही फार बरे चालले नव्हते. भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेशी मतभेद होऊन २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही गोमंतकीय संघ आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो तिथे परतला तो २०२४ साली. गेला असता तरी त्याचे सारे सुरळीत झाले असते असे आम्ही म्हणू शकत नाही. चौदाव्या वर्षी निवडलेल्या किती मुलांची नावे आपल्याला ठाऊक असतात?

बंधू निवर्तल्यावर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी ते बोलावण्याचे पत्र सापडले, आणि त्याच घडीत आमचे उत्तर. पुतण्या शेजारीच बसला होता. आम्ही पाने घाईने दुमडू लागलो तसा तो म्हणाला, “असू दे काका. ते मी तेव्हाच वाचले होते.”

काही वेळ कुणी बोलले नाही. मग आम्ही, उगीच काही तरी बोलायचे म्हणून, अमेरिकेतला तो हिशेब त्याला सांगितला. शंभरांत दोनही नाहीत. त्याने तो नीट ऐकून घेतला.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मीही बहुधा वर्ष-दोन वर्षांत परतलो असतो. पण ते जाऊन परतणे झाले असते.”

या वाक्याला आमच्याकडे अजूनही उत्तर नाही. आमचे पूर्वज तेरेखोलच्या पलीकडून डोक्यावर देव आणि काखेत पोरे घेऊन पायी चालत इथे आले, हे आम्ही प्रत्येक लग्नकार्यात सांगतो. पायांनी पोट भरता येते हे त्या घराण्यात कुणी ऐकले नव्हते असे आम्ही कशाच्या आधारावर लिहिले, कोण जाणे.

पुतण्याचे आता चाळिशीकडे चालले आहे. दिवसा तो हार्डवेअरचे दुकान पाहतो. मध्यंतरी त्याने प्रशिक्षकांचे पहिल्या पायरीचे डी लायसन्स मिळवले आणि रोज संध्याकाळी तो गावाबाहेरच्या सड्यावर तीसेक मुलामुलींना शिकवतो. फी नाही, पायात बूट असावेत आणि शाळेचे प्रगतिपुस्तक दर तिमाहीला दाखवावे, एवढ्या दोन अटी. आम्ही साखळीला गेलो की जांभ्या दगडाच्या बांधावर बसून पाहतो. चेंडू पायात येण्यापूर्वी मान वर करून आजूबाजूला पाहा, हे तो प्रत्येकाला दहा वेळा सांगतो. “चेंडू आल्यावर पाहिलेस तर उशीर झाला,” असे तो ओरडला की आम्हाला उगाच वाटते, हे आपल्यालाच आहे.

गेल्या वर्षी त्याच्या गटातील एका मुलीला निवासी केंद्राच्या चाचणीसाठी बोलावणे आले. तिचे वडील पत्र घेऊन आमच्याकडे आले. जुने मास्तर म्हणून अजून कुणी विचारतात. त्यांनी पत्र पुढे केले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्हीच सांगा.” आम्ही पत्र वाचले आणि सांगितले की हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, पण तिथे विचारायचे प्रश्न लिहून देतो. दहावीचा अभ्यास कोण घेते? गुडघा दुखावला तर उपचाराचा खर्च कुणाचा? दोन वर्षांनी नाव कमी झाले तर शाळेचा दाखला कुठल्या इयत्तेचा मिळेल? आणि पूर्वी परतलेल्या मुलींपैकी एखादीशी बोलता येईल का? चारच प्रश्न होते. २००१ साली हे चार प्रश्न लिहायला चार ओळी पुरल्या असत्या.

जाण्याच्या दिवशी पुतण्याने गाडी काढली. मुलगी पुढे बसली, वडील आणि आम्ही मागे. तिने वाटेत दोनदा बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. चाचणीला बराच वेळ लागला, आणि आम्हा थोरांना फाटकाबाहेरच थांबायचे होते. वडिलांनी खिशातला प्रश्नांचा कागद काढून पुन्हा एकदा वाचला, आणि कुणाला विचारायचे ते पाहायला ते कार्यालयाकडे गेले. आम्ही पुतण्याबरोबर गाडीपाशी उभे राहिलो. आतून शिट्टी ऐकू आली, तसा तो काही न बोलता फाटकाच्या गजांपाशी जाऊन उभा राहिला.